‘कल आना’वाल्या मालकाकडून अडकलेला पगार कसा काढायचा

इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात सकाळी पोहे संपायच्या आत बेल वाजते ती भांडीवाल्या मावशींची. आमच्याकडच्या मावशी अकरा वर्षं येतायत, बऱ्हाणपूरकडच्या, मराठी बोलतात पण मधेच निमाडी घुसते. एका शनिवारी भांडी झाली तरी गेल्या नाहीत, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ताई हे जरा बघा ना. त्यांच्या मुलाचा मोबाईल होता. मालकाला पाठवलेले मेसेज, आणि प्रत्येकाच्या खाली मालकाचं एकच उत्तर, ‘कल आना’. मी वर वर सरकवत गेले, सात ‘कल आना’ मोजले.

मुलगा एका छोट्या नमकीन कारखान्यात पॅकिंगला होता, चौदा महिने केलं, रंगपंचमीची गेर (इथली रंगांची मिरवणूक) झाली आणि दोन-चार दिवसांनी सोडलं कारण दुसरीकडे जरा बरं काम मिळालं. सोडताना शेवटचे दोन महिने आणि वरचे अकरा दिवस, एवढा पगार मालकाकडे राहिला. आणि मालक म्हणतो बीच में छोड़ के गया, ऊपर से मशीन का सील भी खराब किया, तेरा कुछ नहीं निकलता.

मी वकील नाही. तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली, त्यामुळे कुठला कागद कामाचा आणि कुठला नुसता शोभेचा एवढं कळतं. हे प्रकरण आम्ही हातात घेतलं त्यात काय काय केलं, काय चुकलं, ते सगळं लिहून ठेवतेय. आणि खरं सांगायचं तर हे पगार अडकलेल्या माणसासाठी कमी आणि तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी जास्त आहे, ज्यांना अर्ज लिहिता येतो आणि सरकारी ऑफिसात साहेबाच्या समोरची खुर्ची ओढून बसायला भीती वाटत नाही. कारण ज्याचे पैसे अडकलेत त्याला आपलं खरं आहे हे माहीतच असतं, पण एक चक्कर मारायची म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि चार चकरा झाल्या की तो सोडून देतो. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं, त्या ‘कल आना’चा सगळा हिशोब तोच आहे.

आधी वही, मग भांडण

पहिली गोष्ट, चार मित्र घेऊन कारखान्यावर जायचं नाही. मुलगा तेच करणार होता. गेटवर आरडाओरडा झाला की उलट ह्यांच्यावरच तक्रार होते आणि पगाराची गोष्ट राहते बाजूला.

मी म्हटलं काय आहे तुझ्याकडे लिहिलेलं? तर म्हणे कार्ड नाही दिलं, सॅलरी स्लिप नाही, अपॉइंटमेंट लेटरचं तर नावच नको. मला वाटलं संपलं मग. तेवढ्यात मावशी म्हणाल्या वही आहे ना त्याची, आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या.

चाळीस पानी वही, कव्हरचा कोपरा तेलाने पारदर्शक झालेला. आत एका पानावर एक महिना. तारखेपुढे ठिपका म्हणजे हजेरी, फुली म्हणजे खाडा, आणि काही ठिपक्यांभोवती गोल काढलेला. गोल कशाचा रे? म्हणे रात्री थांबवलं तो दिवस, बाजूला आकडा लिहिलाय तो जास्तीच्या तासांचा. दिवाळीच्या आधीचं पान तर नुसतं गोलांनी भरलेलं होतं. मधे मधे ‘१००० दिले’, ‘उचल २०००’ असं. बरंचसं पेन्सिलीने, कुठे पेनाने, एक-दोन ठिकाणी शाई बदललेली, पाणी सांडलेलं. मी बँकेत खोटी रजिस्टरं पण पाहिलीयत, ती एका बैठकीत एका पेनाने लिहिलेली असतात आणि फार सुंदर दिसतात, ही वही तशी नव्हती.

वही असेल तर उत्तम, नसेल तर आज बसून आठवेल तेवढं लिहून काढा, सणवार धरून आठवतं बरोबर (गणपतीत सुट्टी दिली का, दिवाळीत बोनस काय हातावर ठेवला). आणि मग मोबाईल. मोबाईलमध्ये लोकांच्या कल्पनेपेक्षा बरंच काही सापडतं: मालकाने यूपीआयने टाकलेले पैसे (एक जरी एंट्री असली तरी तुमचं-त्याचं नातं सिद्ध व्हायला मोठी मदत), बँकेचं पासबुक अपटुडेट भरून घ्या, कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे ‘उद्या सगळे ७ ला या’ असले मेसेज, सुपरवायझरचे व्हॉइस मेसेज, कामाच्या जागी काढलेले फोटो ज्यात मागे मशीन दिसतंय. ग्रुपमधून तुम्हाला काढलं तरी जुने मेसेज तुमच्या फोनमध्ये राहतात, त्यामुळे रागाच्या भरात ग्रुप डिलीट करू नका. आमच्या पठ्ठ्याने एक ग्रुप रागाने डिलीट केलाच होता, नशीब दुसऱ्या पोराकडे होता. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, फोन विकला, पडला, रिचार्ज संपला तरी ते जागेवर.

दोन साथीदारांची नावं पण लिहून ठेवा जे हो म्हणतील. जे अजून तिथेच कामाला आहेत त्यांना गळ घालू नका, त्यांच्या पोटावर पाय येईल. सोडून गेलेले शोधा.

हिशोब मांडताना नुसता थकलेला पगार मोजू नका

इथे आमची मोठी चूक होणार होती. मुलगा म्हणत होता माझे वीस हजार निकलते हैं, बस. पगार ९,५०० ठरलेला. दोन महिन्यांचे १९,०००. अकरा हजेऱ्यांचे, २६ ने (महिन्यातले कामाचे दिवस) भागून, ४,०१९. झाले २३,०१९. त्यातून उचल ३,००० घेतलेली ती प्रामाणिकपणे वजा, उरले २०,०१९. उचल लपवू नका हं, मालक ती काढणारच आणि मग बाकीचा हिशोब पण खोटा वाटायला लागतो.

पण ९,५०० हाच आकडा चुकीचा होता! मध्य प्रदेशात किमान वेतन ठरलेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांनी ते वाढवलं, अकुशल कामाला महिना ११,८०० केलं, मग कारखानदार कोर्टात गेले, आपल्याच इंदूर खंडपीठात स्थगिती आली, ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. वर महागाई भत्ता वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला, बदलतो, त्यामुळे तुमच्या महिन्यांना नेमका कुठला दर लागतो त्याची शीट श्रम विभागाच्या साइटवरून काढा किंवा ऑफिसच्या बोर्डावर बघा, माझ्या आकड्यावर जाऊ नका. तरी नुसते ११,८०० धरले तर महिन्याला २,३०० कमी दिले. चौदा महिन्यांचे ३२,२००. म्हणजे जे अडकलेत म्हणून पोरगा रडत होता त्यापेक्षा जास्त पैसे दर महिन्याला गुपचूप कापले जात होते आणि ते त्याच्या हिशोबातच नव्हते. मी कॅल्क्युलेटर त्याच्यासमोर धरला तर तो म्हणाला पण ताई, ठरलं तर एवढंच होतं ना. ठरलं असू दे. किमान वेतनापेक्षा कमी ‘ठरवता’ येत नाही, दोघांनी राजीखुशीने सही केली तरी येत नाही.

मग वहीतले गोल. जास्तीच्या तासांचे पैसे दुप्पट दराने असतात. त्याचे साठ तास लिहिलेले होते. ११,८०० भागिले २६, भागिले ८, म्हणजे तासाचे ५६ रुपये ७३ पैसे, दुप्पट करून साठने गुणा, ६,८०० च्या आसपास. सगळी बेरीज ५९ हजारांवर गेली. मावशी खुर्चीवर बसल्या. (आमच्याकडे पहिल्यांदा. त्याबद्दल खाली लिहितेय.)

मशीनचं सील? नुकसानीचे पैसे कापायचे तर आधी कामगाराला विचारावं लागतं, बाबा तुझं काय म्हणणं, त्याला उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. दंड लावायचा तर तो त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नाही, आणि सगळी कापाकापी मिळूनसुद्धा पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. इथे तर विचारलंच नव्हतं, नोकरी सोडल्यावर सील आठवलं. आणि ‘बीच में छोड़ के गया’ म्हणून केलेल्या कामाचा पगार जप्त होत नाही. उलट नव्या कायद्यात माणूस स्वतः सोडून गेला असला तरी दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे.

नवा कायदा म्हणजे वेतन संहिता, २०१९ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या, जुने किमान वेतन, वेतन अदायगी वगैरे कायदे त्यात गेले. तुमच्या कामाच्या गोष्टी तीन. दावा करायला तीन वर्षं मिळतात, आधी खूप कमी मिळायची, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ म्हणून गप्प बसलेल्यांनी परत दिवस मोजावेत (जुन्या महिन्यांना काय लागेल ते मात्र विचारून घ्या). दुसरं, पगार दिला की नाही दिला हा वाद झाला तर दिला हे मालकाने सिद्ध करायचं, तुम्ही नाही. तिसरं, अधिकारी मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. लावतोच असं नाही, पण मालकाच्या वकिलाला हे माहीत असतं आणि तो मालकाला सांगतो, तेवढ्यानेही काम होतं.

पत्र, एकच पान

ऑफिसात जायच्या आधी मालकाला एक पत्र द्या. इथे सगळं हिंदीत चालतं तर हिंदीतच लिहा, आपलं मराठीचं प्रेम इथे उपयोगाचं नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पॅकिंगचं काम केलं, ठरलेला पगार इतका, इतका मिळाला, इतका बाकी, सोबत हिशोबाचा कागद, पंधरा दिवसांत माझ्या अमुक खात्यात जमा करावेत ही विनंती. एवढंच. कलमं घालू नका, कलम चुकलं की सगळा वाद त्या कलमावर जातो, आणि आता तर जुनी-नवी कलमं ऑफिसातल्या लोकांच्याच डोक्यात घोळतायत. धमकी नको, ‘मीडिया में जाऊंगा’ नको, मालक बदमाश आहे हे तर मुळीच नको.

स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती त्या पत्राच्या झेरॉक्सलाच टाचणीने लावा. ट्रॅकिंगमध्ये पोचल्याचं दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट. मालकाने घेतलं नाही, ‘रिफ्यूज्ड’ होऊन परत आलं, तर पाकीट फोडू नका! तसंच बंद ठेवा, तो पण पुरावाच आहे. आमचं पहिलं पत्र परत आलं आणि पोराने कौतुकाने फोडून वाचलं. काय बोलणार. परत पाठवलं.

ऑफिस

आपल्या इंदूरकरांचं नशीब असं की राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्य ऑफिस भोपाळला नाही, इथेच आहे. पण म्हणून थेट तिथे वरच्या साहेबांकडे धडकायची गरज नाही, जिल्ह्याचे जे सहाय्यक श्रमायुक्त किंवा श्रम अधिकारी आहेत त्यांच्याकडे अर्ज जातो. जाताना अर्जाच्या दोन प्रती, हिशोबाचा कागद, पत्राची पावती, आधारची झेरॉक्स, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. वहीची मूळ प्रत देऊ नका, फक्त दाखवा. झेरॉक्स द्या.

आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. शिक्का, तारीख, आवक नंबर. हे मी तीनदा लिहिलं असतं. समोरचा म्हणेल रख दो, साहब देख लेंगे, गोड बोलेल, पाणी पण विचारेल. तुम्ही पण गोड बोला आणि प्रत पुढे करा, भैया एक ठप्पा लगा दीजिए. ठप्पा नाही तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता. मी काउंटरच्या आतल्या बाजूला तीस वर्षं होते, पोच न घेता गेलेल्या कागदाचं काय होतं मला विचारा.

महिनाभर काही हललं नाही तर १८१ वर, सीएम हेल्पलाइनला, तोच आवक नंबर देऊन तक्रार टाका. तक्रार पगाराची नका टाकू, ‘अमुक तारखेला अर्ज दिला, अजून कार्यवाही नाही’ अशी टाका, म्हणजे उत्तर त्या ऑफिसला द्यावं लागतं. नंतर फोन येतो की समाधान हो गया क्या, तक्रार बंद कर दें? झालं नसेल तर नाही म्हणायचं, लाजून हो म्हणू नका. आपली माणसं समोरच्याला वाईट वाटेल म्हणून हो म्हणून मोकळी होतात.

वकील लागलाच तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, कोर्टातच असतं, फोन १५१००. बाईमाणूस असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला पण, कारखान्यातल्या कामगारालाही. युनियनचा सभासद असेल तर युनियनपण त्याच्या वतीने दावा लावू शकते.

पोलिसांत कधी? मारहाण केली, कोंडून ठेवलं, मूळ आधार कार्ड किंवा मार्कशीट दाबून ठेवली, तर लगेच. चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवलेलं दिसलं तर १०९८. पण नुसत्या पगारासाठी ठाण्यात गेलात तर ते म्हणतील लेबर ऑफिस जाओ, आणि ते बरोबरच म्हणतात.

तारखा पडतात, त्याला इलाज नाही. सुनावणीला मालकाच्या आधी पोचा, डबा घेऊन जा, आणि प्रत्येक तारखेला तुम्ही हजर होता हे कागदावर आलंय का बघून मगच उठा. इथल्या हुकुमचंद कापड मिलचे लोक आठवा. मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, आणि देण्याचे सुमारे २२४ कोटी निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला, जवळपास ४,८०० कामगारांच्या वाट्याचे. तीस वर्षांच्या वर. कितीतरी जण गेले तोपर्यंत, मुलांनी-सुनांनी घेतले. पण दर रविवारी मिलच्या गेटवर जमायचे ते लोक, आणि यादीत नाव होतं म्हणून घरच्यांना मिळाले. आपलं प्रकरण तेवढं लांबत नाही हो, घाबरू नका, पण नाव कागदावर पाहिजे ते ह्यासाठी.

मालक घरी येतो तेव्हा

नोटीस गेली की दहा दिवसांत मालकाचा माणूस येतो. आमच्याकडे, म्हणजे मावशींच्या खोलीवर, संध्याकाळी आला, मिठाईचा डबा घेऊन. भाई घर की बात है, ये दस हज़ार रख और यहाँ साइन कर दे. कागदावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला, स्टॅम्पच्या वर सगळं कोरं. मुलाने मला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा कागदावर धरला, हुशार आहे पोरगं.

कोऱ्या कागदावर सही नाही. ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलेल्या कागदावर पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय सही नाही. रोख नको, खात्यात टाका. रोख घेतलेच तर कागदावर आकडा अक्षरांत, ‘थकित पगारापैकी अंशतः मिळाले’ असे शब्द, तारीख, आणि स्वतःकडे फोटो. घरातली म्हातारी माणसं अशा वेळी घाई करतात, घे बाबा मिळतंय तेवढं, त्यांचंही चुकत नाही, घरात त्या दिवशी सिलेंडर संपलेला असतो. म्हणून जमलं तर त्या काळात तुम्ही दोन-तीन हजार उसने द्या, दान म्हणून नाही, उसने म्हणून, लिहून. भुकेल्या माणसाला तडजोड स्वस्तात करावी लागते, एवढी मदत झाली तर तो थांबू शकतो.

मिठाई मात्र ठेवून घेतली त्यांनी. मी म्हटलं हरकत नाही, तिचा हिशोबात उल्लेख नको.

आता स्वतःचं घर

ही सगळी धावपळ चालू असताना एक दिवस मी सहज म्हटलं, मावशी, वहीची सवय चांगली लावली हो मुलाला. त्या म्हणाल्या माझी बघूनच शिकला. म्हणजे त्यांची पण वही आहे. आमच्या घराची! अकरा वर्षं मला माहीत नव्हतं. मी मागितली तर आधी नको नको केलं, मग आणली.

ठिपके, फुल्या, तेच. २०२० चं पान उघडलं तर एप्रिल, मे, जून ह्या महिन्यांपुढे अर्धा गोल. काय हे? मावशी ओट्याकडे बघत म्हणाल्या, तेव्हा अर्धाच दिला होता ना तुम्ही. लॉकडाऊनमध्ये आम्ही अर्धा पगार दिला होता आणि मला सहा वर्षं असं वाटत होतं की वा, आपण किती चांगले, कॉलनीत बाकीच्यांनी तर काहीच दिलं नाही. माझा स्वतःचा पगार तेव्हा पूर्ण जमा होत होता.

तर कायद्यात घरकामाच्या बायकांची जागा अजून धड नाही. घर म्हणजे ‘आस्थापना’ नाही, त्यामुळे वर लिहिलेली पगाराची सगळी वाट त्यांना तशीच्या तशी मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा. ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत तुमच्या घरात तुम्हीच लेबर ऑफिस. आम्ही आता जे केलंय ते सांगते.

पगार ठरवताना काम लिहिलं, किती माणसांची भांडी, केरफरशी किती खोल्यांची, पाहुणे आले तर वरचे पैसे किती. हे तोंडी असतं म्हणूनच दिवाळीत पंधरा माणसांची भांडी त्याच पगारात होतात. महिन्यात चार सुट्ट्या पगारी, त्यांना खाडा म्हणायचं नाही, सुट्टी म्हणायचं. आजारपण वेगळं. आपण गावाला गेलो तर पगार चालू, कारण घर आपण बंद केलं, त्यांनी नाही. दिवाळीला एक पगार. वाढ दर वर्षी एप्रिलमध्ये आपणहून, त्यांनी मागायची वाट बघायची नाही, मागताना माणसाला किती वेळा जीभ चावावी लागते ते ह्या वहीच्या निमित्ताने कळलं. पगार ५ तारखेच्या आत, आणि त्यांच्या वहीत माझी सही. त्यांची वही त्यांच्याकडेच.

खुर्चीचं वर म्हटलं होतं. चहा आम्ही नेहमी द्यायचो, पण त्या उभ्याने नाहीतर दाराशी बसून प्यायच्या, आणि कप वेगळा, कडेला निळी रेघ असलेला. कुणी कधी ठरवलं नव्हतं, सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं. तो कप मी फेकला नाही, पितळी डब्यांच्या मागे ठेवलाय, आणि मावशी अजूनही खुर्चीवर अर्ध्याच टेकतात. हे एका दिवसात बदलत नाही, दोघींकडूनही. लिफ्टचं पण तसंच, माझ्या मुलाच्या विजय नगरच्या बिल्डिंगमध्ये कामवाल्यांना वेगळी लिफ्ट, ती बंद असली तरी त्यांनी जिने चढायचे. मी सोसायटीच्या मीटिंगला पाहुणी म्हणून गेले आणि विचारलं तर सगळे पंख्याकडे बघायला लागले.

अजून एक, हे बायकांनी बायकांना नीट सांगायला पाहिजे. कुठल्याही घरात कुणी अंगाशी आलं, घाणेरडं बोललं, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामाच्या बाईलाही लागू आहे. जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची, लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायचं असतं. आपल्या मावशी दुसऱ्या घराबद्दल काही सांगत असतील तर ‘ते काम सोडून दे’ एवढंच सांगून मोकळं होऊ नका.

कार्डांचं पटकन. ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी), १६ ते ५९ वय, पीएफ-ईएसआय नसलेल्या कामगाराला, फुकट आहे, कियॉस्कवाला शंभर-दोनशे मागतो ते देऊ नका. पीएम श्रमयोगी मानधन, १८ ते ४० वय आणि कमाई महिना १५ हजारांपर्यंत, वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं, साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. मावशींचं वय गेलं, मुलाचं काढलं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाताचे दोन लाखांपर्यंत, तो खात्यातून चालू करून टाका आणि खात्यात मे महिन्यात २० रुपये शिल्लक असतील एवढं बघा, बँकेत असताना ह्या वीस रुपयांपायी बंद पडलेल्या पॉलिसी मी ढिगाने पाहिल्यात.

मुलाचं म्हणाल तर दुसऱ्या तारखेला मालकाने थकलेल्या पगाराचे २०,०१९ खात्यात टाकले, पैशापर्यंत बरोबर, म्हणजे हिशोब त्याच्याकडेही होताच. किमान वेतनातला फरक आणि ओव्हरटाइम अजून चालू आहे, मालक म्हणतोय पोरगा हेल्पर होता, पॅकिंगवाला नव्हता, ह्याने काय फरक पडतो ते त्याच्या वकिलालाच माहीत. पुढची तारीख बुधवारी, मी जातेय बरोबर. काल मावशींनी विचारलं, बुधवारी मला पण यायचंय, सकाळी लवकर नुसती भांडी करून गेले आणि फरशी राहिली तर खाडा धराल का?